मदत हवी आहे: मेगाकॅरिओसाइटची वाट नेमकी कुठे फुटते?

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या सेमिनारला प्लेटलेट बनवणाऱ्या पेशींचा, म्हणजे मेगाकॅरिओसाइटचा, विषय घेतलाय. एन्डोमायटोसिस कळलं: पेशी न विभागता डीएनए दुप्पट होत जातो, अगदी 64 एनपर्यंत (म्हणजे गुणसूत्रांचे 64 संच). मग अस्थिमज्जेतली ही धिप्पाड पेशी रक्तवाहिनीत लांब शेपट्या सोडते, त्यांचेच तुकडे म्हणजे प्लेटलेट. (वाचून थक्कच झाले!)

अडलंय ते त्याच्या आधी. तांबड्या पेशी आणि मेगाकॅरिओसाइट यांची पूर्वज पेशी एकच, गाटा-1 (जनुकं चालू-बंद करणारं प्रथिन) दोन्हीकडे लागतं. मग वाट ठरते ती एफएलआय-1 (मेगाकॅरिओसाइटकडे ओढणारं) आणि केएलएफ-1 (तांबड्या पेशीकडे ओढणारं) या तशाच प्रथिनांच्या ओढाताणीत, की थ्रॉम्बोपोएटिन या प्लेटलेट वाढवणाऱ्या संप्रेरकामुळे? त्यात काही मूळपेशी मधले टप्पे गाळून थेट मेगाकॅरिओसाइटकडे वळतात. मग मूळपेशीपासून टप्प्याटप्प्याने फुटणाऱ्या फांद्यांचा जुना तक्ता दाखवू की नको? सर हमखास तिथेच पकडणार. सेमिनार शुक्रवारी आहे.