पुणे-पंढरपूर एका दिवसात: इंदापूरनंतर अंगातला जीवच गेला, लांबच्या राइडला खायचं नेमकं कसं?

हडपसरचा_पेडलर

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितोय, वेळ काढून वाचा कारण यंदा मला ही राइड पुरी करायचीच आहे.

मागच्या आषाढीच्या आधी आम्ही सहा जण पुण्याहून पंढरपूरला सायकलने निघालो, एका दिवसात, साधारण २०० किमी. पहाटे साडेपाचला हडपसर सोडलं. यवतला चहा, पाटसला अर्धी प्लेट पोहे, आणि भिगवणला पोटभर जेवायचं ठरलेलं म्हणून मध्ये काहीच खाल्लं नाही. रस्ता सपाट, वारा पाठीशी, मी सगळ्यांच्या पुढे, २८ च्या खाली स्पीड येत नव्हता आणि वाटत होतं की आज पंढरपूर काय सोलापूरपण गाठू. भिगवणला साडेदहाला पिठलं, दोन भाकऱ्या, ठेचा, भात, वर ताक असं दाबून जेवलो. निघाल्यावर तासभर पोट दगडासारखं, आणि इंदापूर सोडलं आणि संपलंच.

पाय दुखत नव्हते बरं का, पण फिरेनात. थंड घाम, हात थरथरतायत, गिअर कुठला टाकायचा तेच सुचेना. मित्र काहीतरी विचारत होता ते ऐकू येत होतं पण उत्तर द्यायला जड जात होतं, डोळ्यात उगाच पाणी यायला लागलं. पुढे एक रसवंती दिसली, तिथे उसाच्या रसाचे दोन ग्लास घेतले आणि दहा-पंधरा मिनिटांत माणसात आलो. पण तासाभरात परत तेच. शेवटी टेंभुर्णीला सायकल मागच्या गाडीवर टाकली. शेवटचे चाळीसेक किमी गाडीतून गेलो, कळसाचं दर्शन गाडीच्या काचेतून झालं ते मनाला फार लागलंय.

पाणी मात्र भरपूर प्यायलो होतो, साधं पाणी, आठ-नऊ बाटल्या तरी. तरी रात्री डोकं जाम दुखत होतं आणि बोटं सुजल्यासारखी, अंगठी निघेना.

तर किती खायचं, कधी खायचं, काय खायचं? ती एनर्जी जेलची पाकिटं महाग पडतात, घरचं चालतं का? आणि यंदा राइड शनिवारी आलीये, माझा शनिवारचा उपास असतो, तो मोडायचा नाहीये.

---

घाटमाथा

दादा, तुमचं इंदापूरला काहीच चुकलेलं नाही, जे चुकलं ते यवत ते भिगवण चुकलं. मी २०० पासून ६०० किमीपर्यंतच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांबच्या राइड, केल्यात आणि पहिल्या ३०० ला माझं अगदी हेच झालं होतं. त्याला आपल्याकडे सगळे बाँक होणं म्हणतात. अंगातली साखर संपते, ते जे काही सुचत नव्हतं ना तेही त्यामुळेच, मेंदूलापण तीच साखर लागते.

एकच गोष्ट धरा, भुकेची वाट बघायची नाही. सायकलवर भूक लागली म्हणजे उशीर झालाय. मी घड्याळात दर २५ मिनिटांचा अलार्म लावतो, वाजला की दोन घास, पोट भरलेलं असू दे नसू दे, गप्पा चालू असू दे, चढ असेल तर चढ संपल्यावर, पण घास जाणार. आणि हे पहिल्या तासापासून. पहिल्या तासात कुणालाच खावंसं वाटत नाही कारण सकाळची हवा असते, पाय ताजे असतात, आणि तिथेच सगळे फसतात.

दुसरं म्हणजे मध्येच बसून थाळी जेवायची नाही. पिठलं-भाकरी ठेचा हे पंढरपूरला पोचल्यावर. तेल-तिखट पचायला वेळ लागतो, आणि पेडल मारताना रक्त पायांकडे असतं, म्हणून ते जेवण पोटात तसंच पडून राहतं. भिगवणला थांबायचंच असेल तर साधा दहीभात अर्धी वाटी, मीठ घालून, वीस मिनिटं आणि निघायचं.

घरचं चालतं का विचारताय, उलट घरचंच चालतं. माझं ठरलेलं सांगतो. आदल्या रात्री पोळ्या करताना दोन जास्तीच्या, गरम असतानाच वर तूप अगदी थोडं, किसलेला गूळ आणि चिमूटभर मीठ, घट्ट सुरळी करायची आणि तीन तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगळा फॉइलमध्ये. वेगळा हे महत्त्वाचं, कारण ग्लोव्ह्ज घामाने ओले असतात आणि एका हाताने मोठं पुडकं सोडवता येत नाही, मग माणूस म्हणतो पुढच्या स्टॉपला खाऊ आणि तो घास राहतो तो राहतोच. फॉइलचं एक टोक घरूनच थोडं उघडं ठेवा. तुकडा एका वेळी तोंडात मावला पाहिजे. हे सगळं सीटवरच्या बॅगेत नाही, पुढे टॉप ट्यूबवरच्या, म्हणजे सीट आणि हँडलमधल्या आडव्या दांड्यावरच्या, छोट्या बॅगेत, डोळ्यासमोर.

चिक्की सगळे नेतात पण मला ती पटत नाही, पावसाळी हवेत चिकट होते, चावायला वेळ लागतो आणि निम्मे तर शेंगदाणे, म्हणजे तेल. शेवटी दमल्यावर चघळायला ठीक.

---

रेवती_डाएट

मी आहारतज्ज्ञ आहे आणि स्वतः सायकल चालवते. घाटमाथा दादांनी सांगितलं ते बरोबरच आहे, फक्त थोडा हिशोब मांडते, कारण आकडे कळले की माणूस खायला विसरत नाही.

आपल्या स्नायूंत आणि लिव्हरमध्ये मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम साखर साठवलेली असते, ग्लायकोजेन म्हणतात तिला. म्हणजे १६०० ते २००० कॅलरी. तुम्ही २८ च्या स्पीडने जात होता तेव्हा तासाला ५०० ते ६०० कॅलरी सहज जात असणार. चरबीतूनही शक्ती मिळते आणि चरबी सडपातळ माणसाकडेपण भरपूर असते, पण ती ओल्या लाकडासारखी, हळू जळते, जोर लावायला लागलं की साखरच लागते. तर थांबे वगळून भिगवणपर्यंतचे चार तास तुम्ही साठ्यावर गेलात. चहा आणि अर्धी प्लेट पोहे मिळून फार तर ५० ग्रॅम कार्ब (अन्नातली साखर आणि पिष्ट) आत गेले, आणि जायला हवे होते २०० च्या आसपास.

लांब राइडला तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब हे सर्वसाधारण माप आहे. सवय असलेले रायडर ९० पर्यंत जातात पण त्यासाठी ग्लुकोज आणि फ्रुक्टोज हे साखरेचे दोन्ही प्रकार लागतात, आतड्यात दोघांचे दरवाजे वेगळे असतात म्हणून. तुम्ही ९० च्या मागे लागू नका, ५० जमवा. आता ५० म्हणजे काय? मध्यम केळं २२-२५ ग्रॅम. गूळ घातलेल्या एका पोळीची सुरळी ३० च्या आसपास. बिया काढलेले चार खजूर म्हणजे २०-२५. उसाच्या रसाचा एक ग्लास ३० तरी, म्हणूनच तुम्हाला त्या रसवंतीवर जीव आला, आणि नंतर पुढे काहीच खाल्लं नाही म्हणून तासाभरात परत गेला. त्या दोन ग्लासांनी तासाभराचं भागलं, साठा भरला नाही, तो एकदा रिकामा झाला की सायकलवर भरून निघत नाही.

उपासाचं म्हणाल तर मला उलट तुमचा उपास सोयीचा वाटतो. उकडलेले छोटे बटाटे सालासकट, सैंधव लावून, हे तर परदेशातले रायडरपण खातात. खजूर, केळी, राजगिऱ्याचा लाडू, रताळं, शिजवलेली भगर. सगळं कार्बच आहे. फक्त साबुदाणा वडा आणि भरपूर कूट-तुपाची खिचडी राइडमध्ये नको, राइडच्या तीन तास आधी थोडी खिचडी चालेल. सैंधव हेही मीठच आहे त्यामुळे तीही अडचण नाही.

आता पाण्याबद्दल, आणि हे मी जरा कळकळीने सांगतेय. डोकं दुखणं आणि बोटं सुजणं हे दर वेळी पाणी कमी पडल्याचंच नसतं, साधं पाणी जास्त झाल्याचंही लक्षण असू शकतं. घामातून मीठ जातं, वरून नुसतं पाणी ओतत राहिलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. हे जास्त झालं तर उलट्या, गोंधळल्यासारखं होणं, फिट येणं इथपर्यंत जाऊ शकतं, तेव्हा त्याला हलक्यात घेऊ नका. दोनपैकी एका बाटलीत कायम ओआरएस ठेवा. पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं बघून घ्या आणि एक लिटरचं पाकीट एक लिटरमध्येच घाला, अर्ध्या बाटलीत नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा.

किती प्यायचं ते घरी काढता येतं. राइडच्या आधी आणि नंतर वजन करा. दोन टक्क्यांपेक्षा जास्त कमी झालं तर पाणी कमी पडलं, आणि वजन वाढलं असेल तर नक्की जास्त प्यायलात.

आणि डोकं दुखतंय म्हणून राइडमध्येच पेनकिलर घेऊ नका. अंगात पाणी कमी असताना त्या गोळ्या किडनीवर येतात.

---

हडपसरचा_पेडलर

रेवती ताई, घाटमाथा दादा, मनापासून आभार. पाण्याचं तर मला उलटंच वाटत होतं, मी यंदा अजून जास्त पाणी प्यायचं ठरवलं होतं!! एक शंका, मला सायकलवर गोड खाल्लं की मळमळतं, दोन खजूर झाले की तिसरा जात नाही. त्याला काय करू?

---

वर्ध्याची_सखी

मळमळीवर माझा उपाय सांगते, गोड आणि खारट आळीपाळीने. आमच्याकडे एप्रिल-मे मध्ये सकाळी आठलाच ऊन असं तापतं की गोड बघवत नाही. मी मग कैरीचं पन्हं नेते, गुळाचं, मीठ नेहमीपेक्षा थोडं जास्त आणि वेलची अजिबात नाही, घट्ट करून एका छोट्या बाटलीत, आणि वाटेत गार पाणी मिळालं की त्यात ओतायचं. आंबट असल्यामुळे दमलेल्या तोंडालाही ते जातं. माझी कोकणातली मैत्रीण तेच कोकमाचं करते. आणि मळमळ बरेचदा खाण्याची नसते तर खाऊन वर पाणी न प्यायल्याची असते, गोड घास झाला की वर दोन घोट साधं पाणी, ओआरएस नाही. पोटालाही शिकवावं लागतं, दर रविवारच्या राइडला हेच खात गेलात तर महिन्या-दीड महिन्यात सवय होते. राइडच्या दिवशी नवीन काही तोंडात घालू नका, मित्राने कितीही आग्रहाने जेल दिलं तरी.

आता एक गोष्ट जी इथे कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. आम्ही बायका लांबच्या राइडला पाणी कमी पितो, आणि त्याचं कारण तहान नसते, हायवेला जायला जागा नसते हे असतं. मी दोन वर्षं अशाच राइड केल्या, सकाळी सहापासून दुपारी एकपर्यंत एक बाटली, आणि प्रत्येक राइडनंतर दोन दिवस लघवीला जळजळ. शेवटी डॉक्टरांनी चांगलंच सुनावलं. आता मी रूट आखताना आधी पेट्रोल पंप बघते, साधारण पंचवीस-तीस किमीवर एक, आणि तिथे थांबायचंच हे ग्रुपला आधीच सांगून ठेवते. ग्रुपमधल्या दादा लोकांना विनंती, तुमच्यात एक जरी मुलगी असेल तर हा स्टॉप तुम्हीच जाहीर करा, तिला मागायला लावू नका.

---

निवृत्त_पेडल_६१

वाचून एक भर घालतो. मला मधुमेह आहे, बारा वर्षं झाली. पंढरीला मी दोन दिवसांत जातो, अकलूजला नातेवाइकांकडे मुक्काम. आमच्यासारख्यांनी वरचे ५० ग्रॅमचे आकडे डोळे झाकून घेऊ नयेत आणि घाबरून उपाशीपण जाऊ नये. जे इन्सुलिन घेतात किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतात त्यांची साखर सायकलवर फार खाली जाऊ शकते, कधी कधी त्या रात्री झोपेतसुद्धा. डोस त्या दिवशी किती हे डॉक्टरांना आधी विचारायचं, आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही. माझ्या जर्सीच्या उजव्या खिशात ग्लुकोजची पुडी असते आणि सोबतच्या प्रत्येकाला ती कुठे आहे ते निघायच्या आधी दाखवतो.

---

घाटमाथा

काका, उजव्या खिशाची सवय फार मोलाची. आमच्या ग्रुपमध्येपण चालू करतो.

पेडलर दादा, पंढरपूरच्या आधी एक रंगीत तालीम करा. दिवेघाट चढून सासवड, जेजुरी, मोरगाव, सुपे, चौफुला आणि हायवेने परत. सव्वाशे किमीच्या आसपास होतं. अलार्म लावून खा, आणि पाठीशी वारा असला तरी पहिले दोन तास २४ च्या वर जाऊ नका. स्पीड वाढला की साखर जास्त जळते आणि वर खाल्लेलंही नीट पचत नाही, हे दोन्ही एकदम होतं.

---

हडपसरचा_पेडलर

तालीम झाली, लिहायला आलोय.

सकाळी साडेचारला एक केळं आणि भगरीचा भात ताकासोबत, साडेसहाला निघालो. पंचवीस मिनिटांचा अलार्म. पहिला वाजला तेव्हा दिवेघाटाच्या मध्यावर होतो, वर पोचून खाल्लं. बटाटे जबरदस्त, मीठ लावलेले, गार झाले तरी घशाखाली सहज जातात, मळमळ अजिबात नाही. एक बटाटा, पुढच्या अलार्मला दोन खजूर, असं आळीपाळीने. राजगिऱ्याचा लाडू मात्र नको, कोरडा, चावताना ठसका लागला आणि एका हाताने हँडल सांभाळताना दचकलो, तो थांबल्यावरच खायचा. मोरगावला थांबून दर्शन घेतलं आणि पन्हं प्यायलो, सखी ताई, त्याला तोड नाही. सुप्यानंतर ऊन चढलं, तिथे दोन अलार्म तसेच सोडले कारण खायची इच्छाच नव्हती, आणि चौफुल्याच्या आधी पाय जड व्हायला लागले. ओळखीचं वाटलं लगेच. थांबलो, केळं आणि ओआरएस घेतलं, पंधरा मिनिटं सावलीत, आणि तिथून घरापर्यंत परत काही झालं नाही.

घरी आल्यावर वजन पाऊण किलो कमी, माझं ७२ आहे म्हणजे एक टक्का. अंगठी निघाली. आईने वरणभात वाढला, साधा लिंबू पिळून, वर वाटीभर दही. उपासाचा दिवस नव्हता म्हणून चाललं.

पंढरपूरला अजून पाच आठवडे आहेत. पुढच्या रविवारी हेच परत, पण सुप्यानंतरचे अलार्म न सोडता. उन्हात इच्छा नसताना पातळ काही घेतलं तर चालेल का, म्हणजे बटाट्याऐवजी गुळाचं पाणी?

---

रेवती_डाएट

चालेल, उन्हात तेच बरं. पाऊण लिटरच्या बाटलीत ४० ग्रॅम गूळ, पाव चमचा मीठ, लिंबू, आणि गूळ गाळून घ्या नाहीतर बाटलीच्या तोंडाशी कचरा अडकतो. तासाभरात संपवा आणि सोबत दोन खजूर, म्हणजे त्या तासाचा हिशोब बसला. उरलेलं परतीला ठेवू नका, उन्हात आंबतं.