जॉर्ज साँडर्स कथा कशी घडवतो? (अनुभव धागा)

काजवा
पुस्तकांवरची धूळ झटकताना अमेरिकन कथाकार जॉर्ज साँडर्सचा कथासंग्रह 'टेन्थ ऑफ डिसेंबर' हाती आला आणि त्यातली 'स्टिक्स' ही कथा पुन्हा वाचली. दोनच परिच्छेद. अंगणात बापाने लोखंडी खांब रोवलाय. नाताळाला त्याला सांताचा पोशाख, हॅलोविनला भुताचा. बाप तसा कंजूष आणि कडक: मुलं केचप ओतत असताना 'पुरे, पुरे' म्हणत डोक्यावर उभा. आई गेल्यावर तो खांबाला मृत्यूचा वेश चढवतो. मग खांबाभोवती काठ्या रोवतो, दोऱ्या ताणतो, दोऱ्यांवर माफीची पत्रं लटकवतो. तो गेल्यावर घर विकलं जातं आणि नवे मालक खांब उपटून कचऱ्याच्या दिवशी रस्त्याकडेला ठेवतात. एवढ्याशा जागेत अख्खं आयुष्य. साँडर्सबद्दल ज्याला जे ठाऊक आहे ते लिहा. शेवट फोडला तरी चालेल.

दगडमाती
मूळचा इंजिनियर आहे तो, तिथून सुरुवात करा. जन्म १९५८, अमारिलो, टेक्सास. वाढला शिकागोजवळ. १९८१ ला कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्समधून भूभौतिकीची पदवी, मग सुमात्राच्या जंगलात तेलशोध. माकडांच्या विष्ठेने खराब झालेल्या नदीत पोहला, आजारी पडून परत आला. नंतर छपरं घालणं, दारवानी, अमारिलोच्या कत्तलखान्यात जनावरांचे सांधे ओढून काढणं. त्याच्या कथांमधली माणसं नोकरी जाईल म्हणून जी घाबरतात ना, ती भीती ऐकीव नाही.

रेवा
सांधे ओढायचे?? बाप रे. कुकर लावलाय, येते परत.

पुनर्लेखन
दगडमाती, पुढचा टप्पा जास्त महत्त्वाचा. सिरॅक्यूज विद्यापीठात लेखक टोबायस वुल्फ यांच्या हाताखाली शिकून १९८८ ला बाहेर पडला. पुढच्या वर्षी रॉचेस्टरला रेडियन या पर्यावरण अभियांत्रिकी कंपनीत तांत्रिक लेखक म्हणून लागला. मेक्सिकोतल्या एका लग्नावर शेकडो पानांची कादंबरी लिहिली होती. बायकोने ती वाचायला घेतली आणि थोड्या वेळात डोकं हातात धरून बसली. हेमिंग्वेसारखं गंभीर लिहायच्या नादात त्याचा स्वतःचा विनोद बाहेर राहिला होता. मग ऑफिसच्या एका फोन-मीटिंगमध्ये टिपणं घेता घेता त्याने मुलांच्या बडबडगीतांसारखी यमकं खरडली. ती वाचून बायको मनापासून हसली. तिथे वाट सापडली. पहिला संग्रह १९९६ ला आला, सगळा नोकरी सांभाळून, अहवालांच्या मधल्या वेळात लिहिलेला.

सानिका
त्याची बायको पॉला पण सिरॅक्यूजचीच विद्यार्थिनी. तीन आठवड्यांत साखरपुडा!

अण्णा
लग्नं जुळवू नका इथे, त्याची लिहिण्याची पद्धत सांगा कोणीतरी.

पुनर्लेखन
सांगतो अण्णा. कपाळावर एक मीटर बसवलाय असं समजायचं. एका टोकाला 'पी', म्हणजे आवडलं. दुसऱ्या टोकाला 'एन', म्हणजे खटकलं. आपलाच मजकूर आज पहिल्यांदा हाती आल्यासारखा वाचायचा. काटा 'एन'कडे झुकला की तिथे पेनाने खूण. का झुकला यावर विचार करत बसायचं नाही, वाक्य बदलायचं. दुरुस्त्या टंकायच्या, नवी प्रत छापायची, परत पहिल्या ओळीपासून. हे शेकडो वेळा.

त्याचंच उदाहरण: 'बॉब हरामखोर होता.' काटा 'एन'वर, कारण नुसता शिक्का मारलाय. काय केलं त्याने? कॉफी देणाऱ्या मुलीवर खेकसला. का खेकसला? तिला बघून त्याला वारलेली बायको आठवली. झालं, दोन दुरुस्त्यांत हरामखोराचा शोकात बुडालेला माणूस झाला. लेखक काही दयाळू झालेला नाही, वाक्य नेमकं झालं म्हणून करुणा आली.

लोक चुकतात कुठे? एकाच बैठकीत सात-आठ वेळा वाचतात. डोळे सरावतात आणि काटा हलायचाच बंद होतो. मध्ये वेळ जाऊ द्या.

रेवा
आले. बॉबचं उदाहरण फ्रीजवर चिकटवण्यासारखं आहे.

वाचनवेडी
त्याच्या 'अ स्विम इन अ पाँड इन द रेन' या पुस्तकात (२०२१, सात रशियन कथांवरचं) शेवटी सराव दिलेत. एकात सहाशे शब्दांचा फुगलेला उतारा निम्म्यावर आणायचा. मराठीत आधी ही मंडळी उडवा: 'खरं तर', 'एक प्रकारचं', 'म्हणायला हरकत नाही'.

दुसरा: ४५ मिनिटांत २०० शब्दांची गोष्ट, पण वेगळे शब्द फक्त ५०. मराठीत हा सराव विभक्तीपाशी अडतो. घर, घरात, घराला हे तीन शब्द धरले तर पहिल्या काही वाक्यांतच पन्नाशी संपते. मूळ शब्द एकदाच मोजा, क्रियापदांचंही तसंच. पन्नास संपले की नवं काही आणता येत नाही, आहे तेच परत वापरावं लागतं, आणि गोष्ट आपोआप चढत जाते.

अण्णा
पोरांकडून करून घ्यायला उत्तम. 'घरी' पण 'घर'मध्येच ना?

वाचनवेडी
हो अण्णा, त्यातच.

सानिका
त्याची कादंबरी 'लिंकन इन द बार्डो' वीस पानांत सोडून देणाऱ्यांसाठी: बोलणाऱ्याचं नाव बोलण्याच्या खाली येतं. आधी खालचं नाव बघा, मग वर या. इतिहासाच्या प्रकरणांतले काही उतारे खऱ्या पुस्तकांतले, काही त्याने रचलेले, सगळे शोधत बसू नका. लिंकनचा विली २० फेब्रुवारी १८६२ ला विषमज्वराने गेला, अकरा वर्षांचा. जॉर्जटाउनच्या ओक हिल स्मशानभूमीत त्याला ठेवलं होतं. कादंबरीत तिथले आत्मे आपण मेलोय हेच मानत नाहीत, शवपेटीला 'आजारपेटी' म्हणतात. आपल्याकडे कावळा शिवत नाही म्हणतात, तसेच अडकलेले. प्रकरणं १०८! २०१७ चं बुकर मिळालं.

दगडमाती
ऑडिओबुकमध्ये १६६ आवाज आहेत, साडेसात तासांच्या आसपास. रेव्हरंड एव्हरलीचा आवाज साँडर्सचा स्वतःचा. पण ऐकताना कोण बोलतंय ते निसटतं, पुस्तक समोर ठेवून ऐका.

काजवा
'सेम्प्लिका गर्ल डायरीज' या कथेचं कोणी लिहिलंच नाही. गरीब देशांतल्या मुली डोक्यातून तार ओवून अंगणात शोभेला टांगलेल्या. हे त्याला स्वप्नात दिसलं होतं, आणि स्वप्नात 'मला हे परवडतंय' याचं समाधान वाटलं होतं. ते समाधान कागदावर उतरवायला बारा वर्षांहून जास्त लागली. छापून आली २०१२ ला. मुलीच्या वाढदिवसासाठी झुरणारा बाप रोजनिशी लिहितोय, तुटक, क्रियापदं गिळून. ती तुटक भाषा नीट वाक्यांत बसवलीत तर अनुवाद मेलाच.

रेवा
काजवाताई, नव्या माणसाने कुठून सुरू करायचं?

काजवा
'स्टिक्स', मग 'व्हिक्टरी लॅप', मग 'सेम्प्लिका'. तिन्ही 'टेन्थ ऑफ डिसेंबर'मध्येच आहेत.

रेवा
बरं. आणि नाव साँडर्स की सॉन्डर्स?

अण्णा
साँडर्स लिही. शिट्ट्या किती झाल्या तुझ्या?