चलान माझं नाही, तरी लोकअदालतीत जाऊ का?

स्कूटरवाली
माझ्या स्कूटरच्या नंबरावर विनाहेल्मेटचं ५०० रुपयांचं ई-चलान आलंय, तेही अशा गावचं जिथे ही गाडी कधी गेलीच नाही. फोटो उघडला तर काळी मोटरसायकल, वर दाढीवाला बाप्या! शेवटचा आकडा ३ की ८, चिखलामुळे कळत नाही. आता लोकअदालतीचा मेसेज आलाय. भाऊ म्हणतो, थोडंफार भर आणि मोकळी हो. मला पटत नाही.

काळाकोट
ताई, भावाचं ऐकू नका. मी याच कोर्टात वकिली करतो. लोकअदालत म्हणजे तडजोड. गाडी कोणाची, हे तिथे कोणी तपासत बसत नाही. किती भरणार एवढंच ठरतं. सही केलीत की १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार निवाडा अंतिम, अपील नाही.

आधी वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक अ‍ॅपवर तक्रार टाका. सोबत आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) आणि नंबरप्लेट स्पष्ट दिसेल असे गाडीचे फोटो. मजकूर एकच ओळ: ‘चलानातील वाहन मोटरसायकल आहे, माझे वाहन स्कूटर आहे.’ मी नेहमी हेल्मेट घालते वगैरे पाल्हाळ नको. चलानाच्या फोटोचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा.

पिंट्या_कोथरूड
५०० रुपयांसाठी एवढा खटाटोप? माझी ढीगभर चलानं लोकअदालतीत एका दुपारी निकालात निघाली.

काळाकोट
ती तुमचीच होती ना! तुमच्यासारख्यांना ती सोय झकास आहे. (दारू पिऊन चालवलेली केस मात्र रस्त्यावर तडजोडीने मिटत नाही, ती कोर्टातच जाते.) आणि ताई, मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-डी मध्ये विनाहेल्मेटला तीन महिने लायसन्स अपात्र करण्याचीही तरतूद आहे. दुसऱ्याचं पाप आपल्या नावावर का घ्या?

स्कूटरवाली
आणि तक्रार फेटाळली तर?

काळाकोट
मग समन्सच्या तारखेला कोर्टात हजर राहायचं. साहेब विचारतात, गुन्हा कबूल आहे का? रांगेतले बहुतेक ‘कबूल’ म्हणतात, दंड भरतात आणि चहाला जातात. तुम्ही ‘कबूल नाही’ म्हणायचं. पुढची तारीख पडेल, अर्धी रजा जाईल. पण सिद्ध करायची जबाबदारी सरकारी पक्षावर येते. मोटरसायकलचा फोटो आणि स्कूटरची आरसी शेजारी ठेवली की फार बोलावं लागत नाही.

स्कूटरवाली
टाकली तक्रार. फोटोत मागे आईचे पापड वाळत घातलेले आलेत, चालेल ना?

काळाकोट
पळेल. नंबरप्लेट झाकली नाही म्हणजे झालं.