डोंगरवाटेसाठी क्लिपलेस पेडल: सराव कसा करावा?

घाटवाट: नमस्कार. मी साताऱ्यात राहतो आणि यवतेश्वर घाटात व अजिंक्यताऱ्याच्या बाजूच्या मुरमाड वाटांवर फ्लॅट पेडल (ज्यावर पाय नुसता टेकवायचा, अशी साधी सपाट पेडल) लावून माउंटन बाइक चालवतो. नुकतेच दोन बोल्टांच्या क्लीटचे (बुटाच्या तळाला बसवायच्या, पेडलमध्ये अडकणाऱ्या धातूच्या तुकड्याचे) बूट आणि दोन्ही बाजूंनी पाय अडकवता येणारी एसपीडी, म्हणजे शिमानो कंपनीच्या पद्धतीची क्लिपलेस पेडल घेतली आहेत. डांबरी चढावर त्यांचा उपयोग होईल याविषयी मला शंका नाही. परंतु कच्च्या वाटेवरच्या उभ्या चढात वेग अगदी मंदावलेला असताना पुढचे चाक दगडाला अडले, तर पाय वेळेवर सुटेल का, ही धास्ती वाटते. पेडलमधली क्लीट पकडून ठेवणारी स्प्रिंग किती सैल ठेवावी आणि पावसाळ्यातल्या लाल चिखलात काय काळजी घ्यावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

चारभिंती: आपली धास्ती रास्त आहे, कारण पाय अडकून माणूस पडतो तो बहुधा थांबता थांबता. फ्लॅट पेडलवर पाय सरळ वर उचलण्याची सवय असते, तर एसपीडीच्या नेहमीच्या क्लीटमध्ये टाच बाहेरच्या बाजूला वळवल्याशिवाय पाय सहसा सुटत नाही. घाईच्या क्षणी शरीर जुनीच सवय वापरते आणि पाय वर ओढत राहते. म्हणून ही नवी हालचाल विचार न करता होऊ लागेपर्यंत कच्च्या वाटेवर जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

प्रथम ३ मिलिमीटरच्या ॲलन कीने स्प्रिंगचा ताण सर्वांत कमी करावा. प्रत्येक पेडलाला दोन असे एकूण चार स्क्रू असतात. ते चारही सारखेच फिरवावेत, नाहीतर एका बाजूने पाय सहज सुटतो आणि दुसऱ्या बाजूने अडतो. मग भिंतीला हात टेकून, सायकल जागेवर उभी ठेवून, दोन्ही पायांनी अडकवणे-सोडवणे करावे. पेडल खालच्या टोकाला असताना टाच सर्वांत सहज वळते. त्यानंतर गवताळ मैदानावर हळू फिरत, ब्रेक दाबण्याआधी पाय सोडवण्याचा सराव करावा. हा क्रम अंगवळणी पडणे फार महत्त्वाचे आहे.

कृष्णाकाठ, सांगली: वरील सल्ल्याला एक महत्त्वाची जोड देतो. क्लीटचा बोल्ट ढिला झाला, तर टाच वळवल्यावर क्लीट पेडलमध्ये तशीच राहते आणि बूट तेवढा तिच्यावर फिरतो. मग कितीही जोर लावला तरी पाय सुटत नाही. त्यामुळे बोल्टच्या आट्यांना थोडे ग्रीस लावून ते ५ ते ६ न्यूटन-मीटरपर्यंत आवळावेत आणि पहिल्या फेरीनंतर पुन्हा तपासावेत. पेडलसोबत बहुधा एसएच ५१ क्लीट येते. शिमानोचीच एसएच ५६ क्लीट अनेक दिशांनी सुटते, त्यामुळे नवशिक्यांना तिचा आधार वाटतो. मात्र जोरात वर ओढल्यास ती नको तेव्हाही सुटू शकते.

घाटवाट: मनःपूर्वक आभार. क्लीट बुटावर नेमकी कुठे बसवावी, आणि चढात थांबावेच लागले तर कोणता पाय टेकवावा?

चारभिंती: अंगठ्यामागच्या चवड्याच्या फुगीर भागाच्या रेषेत, किंवा त्याहून किंचित टाचेकडे बसवावी, दगडधोंड्यांच्या उतारावर मागे बसवलेली क्लीट अधिक स्थिर वाटते. आडव्या उताराच्या वाटेवर डोंगराकडचाच पाय टेकवावा, कारण दरीकडच्या बाजूला जमीन खाली असते आणि पाय पोहोचेपर्यंत तोल गेलेला असतो. यासाठी दोन्ही पायांचा सराव हवा. अडचणीचा टप्पा समोर दिसताच तो पाय आधीच सोडवून नुसता पेडलवर टेकवून ठेवावा. पुन्हा निघताना हलका गिअर टाकून एकच पाय अडकवावा आणि दुसरा, सायकलने गती घेतल्यावरच.

चिखलाचे म्हणाल, तर सायकल ढकलत चालल्यावर मुरमाचा बारीक खडा क्लीटच्या खाचेत रुतून बसतो आणि पाय अडकतच नाही. चढण्यापूर्वी बूट पेडलवर दोनदा आपटावा, तरी निघाला नाही तर काटकीने खाच कोरून काढावी. घरी आल्यावर पेडल धुऊन, वाळवून स्प्रिंगला तेलाचा एखादा थेंब द्यावा. ऐन पावसात अवघड वाट धरायची असेल, तर या वर्षी फ्लॅट पेडलच लावावीत; त्यात कमीपणा काहीच नाही.