बोन ओदोरीच्या सरावालाच जा
जपानमध्ये राहताना जपानी फारशी येत नसेल तर तिथल्या कार्यक्रमांत नुसतं बघत उभं राहावं लागतं का, असं एकाने विचारलंय. मुळीच नाही! उन्हाळ्यात गल्लोगल्ली बोन ओदोरी, म्हणजे पूर्वजांच्या स्मरणाच्या ओबोन सणातला सामूहिक नाच, होतो, त्याच्या सरावालाच जा. मधल्या मचाणाभोवती गोल धरायचा आणि पुढच्या आजींचे हात बघायचे. कोळसा खाणीच्या गाण्यावरचा नाच तर फारच सोपा: खणायचं, खांद्यावर टाकायचं, कपाळाशी हात धरून चंद्र बघायचा, मग गाडी ढकलायची.

बहुतेक ठिकाणी हे सगळं चोनाइकाइ, म्हणजे रहिवाशांचं मंडळ, उभं करतं. मंडळी म्हातारी होत चालली आहेत, त्यामुळे कंदील बांधायला किंवा शेवटी कचरा वेगळा करायला येतो म्हणालात तर मनापासून स्वागत होतं. तारखा गल्लीतल्या सूचनाफलकावर लागतात. जुलैपासूनच लक्ष ठेवा.