रांझ्याचा पाटील आजच्या कोर्टात असता तर?

मावळकर: परवा पुन्हा अत्याचाराची तीच बातमी आणि खाली शेकड्याने 'चौरंग करा', म्हणजे हातपाय तोडा. हसू नका, मीही तेच लिहिलं. १६४६ साली रांझ्याच्या बाबाजी गुजर पाटलाने बदअमल केला, म्हणजे बाईवर अत्याचार. शिवाजी महाराजांनी त्याला धरून आणवलं, शहानिशा केली, हातपाय तोडले. विषय संपला. आज काय? कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या गावित बहिणींची फाशी सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये कायम केली. दयेच्या अर्जावर सरकार इतकी वर्षं बसून राहिलं की २०२२ मध्ये हायकोर्टाला ती जन्मठेपेवर आणावी लागली. कोण घाबरणार कायद्याला?

जुना_वकील: महाराजांच्या त्या निकालाचं पत्र पुढेही वाचा की राव. गोतातल्या सोनजी गुजरने त्या पांगळ्या पाटलाला सांभाळायला मागून घेतलं आणि महाराजांनी तो त्याच्या हवाली केला, पाटीलकीही सोनजीला दिली. हा भाग स्टेटसला कधी दिसत नाही.

आता नाशिकचं ऐका. २००३ मधला दरोडा आणि खून, आरोपी भटक्या जमातीचे सहा जण. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने तिघांची फाशी कायम ठेवली, उरलेल्या तिघांची जन्मठेप वाढवून फाशी केली. २०१९ मध्ये त्याच कोर्टाने सहाही जण निर्दोष सोडले. सोळा वर्षं आत. त्यातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. तुमच्या वेगाने फाशी दिली असती तर २०१९ मध्ये सोडायचं कुणाला, फोटोला?

सुलभाताई: दोघेही फाशीवरच अडलात. आमच्याकडे घरफोडी झाली त्याला आठ वर्षं झाली. माझं मंगळसूत्र मुद्देमाल म्हणून लाखेच्या सीलच्या पाकिटात. साक्षीला गेले तेव्हा पाकीट फोडून विचारलं, "हेच का?" हेच हो! पुन्हा सील. तोवर न्यायाधीश तीन बदलले, एक पंच फुटला, दुसरा वारला. त्या पोराला सहा महिने द्या नाहीतर सहा वर्षं, पण एकदाचा निकाल लावा.

पेठकर: जरब म्हणाल तर दुसऱ्या बाजीरावाने १८०१ मध्ये विठोजी होळकरांना पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. पुढच्याच वर्षी त्यांचे भाऊ यशवंतराव हडपसरला चालून आले नि पेशवा पुणं सोडून पळाला. बसली बरं जरब!

मावळकर: ते राजकारण होतं, ते इथे कशाला? ताईंचं मान्य, उशीर हाच खरा रोग. नाशिकचं मला माहीत नव्हतं. तरी पुरावा पक्का असेल तिथे फाशी हवीच, तीही वर्षाच्या आत.

जुना_वकील: २००९ मध्येही पुरावा पक्काच होता, मावळकर.