मदत हवी आहे : मुलांनी काढलेला शास्त्रज्ञ तपासायचा कसा?

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिष्यवृत्तीच्या जादा तासाला बसणाऱ्या चौथी-पाचवीच्या मुलांकडून मी ‘काम करत असलेला शास्त्रज्ञ’ असं चित्र काढून घेतलं. मुलं खरोखर हुशार आहेत, प्रश्न विचारून भंडावून सोडतात. तरीही जवळपास प्रत्येक कागदावर तेच: पांढरा कोट, चष्मा, विस्कटलेले केस, धूर सोडणारा चंबू आणि परीक्षानळी. माणूस एकटा, खोली बंद.

मुलांकडून शास्त्रज्ञाचं चित्र काढून घेऊन त्यांच्या मनातली प्रतिमा पाहणारी, चेंबर्स या संशोधकाची १९८३ साली प्रसिद्ध झालेली चाचणी मला माहीत आहे. त्यात ४८०७ मुलांपैकी फक्त २८ जणांनी स्त्री शास्त्रज्ञ काढली, आणि त्या सगळ्या मुलीच होत्या. चेंबर्स यांनी ठरवलेल्याच ठरावीक खुणा (कोट, चष्मा, दाढी-मिशा, उपकरणं, पुस्तकं वगैरे) मी माझ्या वर्गातल्या चित्रांत मोजून पाहिल्या. मग जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी आणि हवामानशास्त्रज्ञ अण्णा मणी या दोन स्त्री शास्त्रज्ञांच्या कामाची माहिती सांगून पुन्हा चित्रं काढून घेतली. एका मुलीने कोटाखाली साडी काढली, पण टेबलावरचा चंबू जागच्या जागी! शेतात, समुद्रावर किंवा दुर्बिणीजवळ कुणीच गेलं नाही.

माझी शंका अशी, की तल्लख मुलं स्वतःच्या मनातलं न काढता ‘बाईंना काय ओळखू येईल’ ते काढतात. आठवड्याला एकच तास मिळतो, प्रोजेक्टर नाही, माध्यम मराठी.

चित्रासोबत मुलांना नेमके कोणते दोन-तीन प्रश्न विचारले, तर पाठ झालेली खूण आणि त्यांची खरी समजूत वेगळी काढता येईल? असं वर्गात कुणी करून पाहिलंय का?